डांगी वळूंचे वीर्य गोठवून ठेवले, तर जात टिकेल का?

प्रश्न : डांगीपालक, अकोले

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात राहतो. आमच्या घरी आजोबांच्या आधीपासून डांगी जनावरे आहेत. ज्यांना या जातीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाणा आणि पलीकडे गुजरातचा डांग हा या गुरांचा मुलूख आहे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके, काळे टणक खूर आणि पावसाचे पाणी अंगावर न ठरू देणारी तेलकट कातडी ही त्यांची ओळख आहे. आषाढ-श्रावणात आमच्याकडे जो पाऊस पडतो, त्यात भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहून चिखलणी ओढणारा दुसरा बैल मी पाहिलेला नाही. गाय दूध बेताचेच देते, पण जंगलात चरून, पेंडीवाचून, डॉक्टरवाचून ती वेत काढते.

आता परिस्थिती झपाट्याने बदलत आहे. चिखलणीला पॉवर टिलर आला, त्यामुळे बैलांची गरज कमी झाली. बैल नको म्हणून गोऱ्हा नको, आणि गोऱ्हा नको म्हणून वळूही नको, अशी साखळी लागली आहे. ज्या वाड्यांवर पूर्वी प्रत्येक कळपात स्वतःचा वळू असे, तिथे आता तीन-चार वाड्या मिळून एक वळू आहे, आणि काही ठिकाणी तोही संकरित रक्ताचा आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा ही भीती आणखी वाढली, कारण मोजकेच वळू उरलेले असताना एखादी साथ त्यांच्यातले निम्मे घेऊन गेली तर मागे काय राहणार?

आमच्याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे काम पाहूनच आम्हा काही पशुपालकांच्या मनात असा विचार आला की आपल्या भागातील उत्तम वळूंचे वीर्य गोठवून ठेवण्याची अशीच बँक का असू नये. माझे प्रश्न असे आहेत. गोठवलेले वीर्य खरोखर किती वर्षे टिकते? किती वळूंचे आणि किती ठेवावे लागेल? राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात पहिला क्रमांक आलेल्या वळूंचे ठेवले तर पुरेल का? हे गावपातळीवर करता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, असे केल्याने जात वाचते का, की आपण केवळ मनाचे समाधान करून घेत आहोत?

उत्तर १ : निवृत्त पशुवैद्य (गोठित वीर्य प्रयोगशाळेत अनेक वर्षे सेवा)

डांगीपालक भाऊ, आपला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याकडे शेवटी येतो.

टिकण्याविषयी आपण निःशंक असावे. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते आणि त्या तापमानाला पेशीतील सर्व रासायनिक क्रिया थांबतात, त्यामुळे शुक्राणू तिथे म्हातारे होत नाहीत. गोठवताना पेशीत बर्फाचे स्फटिक तयार होऊन त्या फुटतात, ही मूळ अडचण होती. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघांनी ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात हे दाखवून दिले आणि त्यावर पुढचा सगळा व्यवसाय उभा राहिला. ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठवलेले मेंढ्याचे वीर्य २०१८ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, ५६ मेंढ्यांमध्ये वापरण्यात आले आणि त्यांपैकी ३४ गाभण राहिल्या. हे प्रमाण ६१ टक्के भरते. त्याच वेळी तुलनेसाठी अलीकडचे वीर्य वापरले, त्याचे प्रमाण ५९ टक्के होते. मधल्या काळात नायट्रोजन कधीही संपू न देणे, एवढी एकच अट त्यामागे आहे, आणि ती वाचताना वाटते त्यापेक्षा पाळायला पुष्कळ कठीण आहे.

प्रक्रिया आपल्याला कळावी म्हणून सांगतो. कृत्रिम योनीत वीर्य घेतल्यावर सर्वप्रथम सूक्ष्मदर्शकाखाली त्याची हालचाल आणि घनता पाहतात. चांगल्या वळूच्या एका वेळच्या वीर्यात पाचेक मिलिलीटर द्रव आणि प्रत्येक मिलिलीटरमध्ये सुमारे शंभर कोटी शुक्राणू असतात. त्यात अंड्याचा बलक, ट्रिस बफर आणि ग्लिसरॉल यांचे मिश्रण घालून ते पातळ करतात, पाव मिलिलीटरच्या कांड्यांमध्ये भरतात, ४ अंशांपर्यंत हळूहळू थंड करून काही तास तसेच राहू देतात आणि मग नायट्रोजनच्या वाफेत काही मिनिटांत गोठवून द्रवात बुडवतात. एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू धरतात. म्हणजे एका वेळच्या वीर्यातून दोनशे-अडीचशे कांड्या होतात. दुसऱ्या दिवशी त्यातली एखादी कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून उघडतात. निम्मे शुक्राणू सरळ पुढे पोहताना दिसले नाहीत, तर ती सारी खेप टाकून देतात.

हे काम गावपातळीवर होणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. प्रयोगशाळा, नायट्रोजनचा अखंड पुरवठा आणि प्रशिक्षित माणसे तर लागतातच, पण त्याहून मोठी अडचण रोगांची आहे. क्षय, जोन्स, सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस), आयबीआर व बीव्हीडी हे विषाणूजन्य आजार, ट्रायकोमोनियासिस आणि कॅम्पायलोबॅक्टर यांच्या चाचण्या झाल्याशिवाय वीर्य घेऊ नये, कारण शुक्राणूला जिवंत ठेवणारी थंडी विषाणूलाही जिवंत ठेवते, आणि एक दूषित कांडी शंभर कळपांत रोग पोहोचवू शकते. शिवाय गोजातीय प्रजननाचे नियमन करणारा कायदा राज्यात आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय वीर्य तयार करणे किंवा वाटणे हे कायद्यातही बसत नाही. राज्य शासनाच्या प्रयोगशाळा पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. उरुळी कांचन येथे बाएफ या संस्थेचे वीर्य केंद्र आहे. डांगीच्या वीर्यमात्रा आजही राज्यात तयार होतात. आपण बँक बांधण्याऐवजी चांगले वळू आणि त्यांची खात्रीची माहिती या केंद्रांपर्यंत पोहोचवावी.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आज केंद्रांवर जो साठा असतो तो वापराचा आहे. मागणी येते तशा कांड्या जातात, आणि एखाद्या वळूच्या सगळ्या संपल्या तरी त्याबद्दल कोणाला हळहळ वाटत नाही. जतनाचा साठा वेगळा हवा, त्याला रोजच्या कामासाठी हात लावायचा नाही, आणि तो दोन वेगवेगळ्या ठिकाणी असावा, म्हणजे एका ठिकाणचा नायट्रोजन संपला तरी दुसरीकडे काही उरेल. कर्नाल येथे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोची जनुक पेढी याच कामासाठी आहे. आपल्या भागातील वळूंच्या काही मात्रा तिथे कायमच्या ठेवल्या जाव्यात, असा आग्रह आपल्या पैदासकार संघाने लेखी धरावा.

राहीबाईंच्या बियाणे बँकेचे उदाहरण आपण दिले ते योग्यच आहे, मात्र एका ठिकाणी ते लागू पडत नाही. वालाचा दाणा पेरला की वालाचाच वेल येतो, कारण त्या दाण्यात आई आणि बाप दोघांचाही वाटा असतो. वीर्याच्या कांडीत वासराचा अर्धाच वाटा आहे. दुसरा अर्धा डांगी गाईच्या पोटात आहे, आणि ती गाय विकली गेली तर कांडी कितीही वर्षे टिकली तरी तिच्यातून डांगी वासरू निघणार नाही. आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

उत्तर २ : खिल्लारवाला, सांगोला

राम राम. डॉक्टरसाहेबांनी शेवटी जे लिहिले, तेच मी आधी लिहिणार होतो.

आमच्याकडे खिल्लारचे असेच होत चालले होते. ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला, त्यानंतर खोंडांना पुन्हा भाव आला आणि लोक गाई राखू लागले. शर्यतीबद्दल कोणाचे काय मत असेल ते असो, पण दावणीला बांधलेल्या जनावराला काम किंवा दाम असल्याशिवाय कोणतीही जात टिकत नाही. मात्र त्याचीही दुसरी बाजू मी पाहतो आहे : पळणाऱ्या दोन-चार नामांकित वळूंकडेच सगळे गाई भरवायला नेतात, आणि शेताला उपयोगी, शांत, काटक अशा वळूंकडे कोणी फिरकत नाही.

केरळमधील वेचूर गाईची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९६१ च्या तिथल्या कायद्याने गावठी वळूंचे खच्चीकरण सक्तीचे झाले, संकर वाढला आणि ती बुटकी गाय जवळजवळ नाहीशी झाली. १९८९ मध्ये सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून उरलीसुरली जनावरे शोधली आणि मण्णुत्ती येथे कळप उभा केला. आज ती जात आहे, ती जिवंत जनावरे वेळेत सापडली म्हणून. त्यामुळे वीर्य साठवायच्या नायट्रोजनच्या कंटेनरवर खर्च करण्याआधी, गाय न विकणाऱ्या घराला वर्षाकाठी काही मदत मिळेल का, याचा विचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ : आनुवंशिकीची अभ्यासक

मूळ प्रश्नातील एका मुद्द्यावर विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते : प्रदर्शनात पहिला आलेल्या वळूंचे वीर्य ठेवले तर पुरेल का? माझे मत आहे की ते पुरणार नाही, आणि केवळ तेवढेच ठेवले तर हानी होण्याचा संभव आहे.

एखाद्या जातीत किती विविधता पुढच्या पिढीत जाते, हे जनावरांच्या एकूण संख्येपेक्षा प्रजननात भाग घेणाऱ्या नर-माद्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. त्यासाठी आम्ही प्रभावी संख्या काढतो : नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार, त्याची चौपट, भागिले दोन्हींची बेरीज. समजा ५०० गाई आहेत आणि त्या सर्वांसाठी ५ वळू वापरले. प्रभावी संख्या येते जेमतेम २०. म्हणजे ५०५ जनावरांचा कळप आनुवंशिकदृष्ट्या वीस जनावरांइतकाच आहे, आणि दर पिढीला सुमारे अडीच टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातील प्रजनन) वाढणार. त्याच ५०० गाईंसाठी २५ वळू वापरले तर प्रभावी संख्या ९५ च्या आसपास जाते आणि हा दर अर्ध्या टक्क्यावर येतो. गाई एकही वाढली नाही, फक्त बाप वाढले. जतनासाठी किमान पंचवीस असंबंधित वळू धरावेत असे जे सांगतात, त्यामागे हे गणित आहे.

गोठवलेल्या वीर्याचा हाच गुण आणि हाच धोका आहे की एक वळू हजारो गाईंचा बाप होऊ शकतो. होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीचे उदाहरण पाहावे. जगात लाखो होल्स्टीन गाई आहेत, पण अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व वळूंची नर वंशरेषा १९६० च्या दशकात जन्मलेल्या दोनच वळूंपर्यंत जाऊन पोहोचते. त्यांपैकी चीफ या वळूच्या मुली उत्तम दूध देत, म्हणून त्याचे वीर्य सर्वत्र गेले. त्याच्यासोबत एका जनुकातील दोषही गेला, ज्यामुळे पुढे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ पोटातच दगावले असा अंदाज आहे. तो दोष कळायला काही दशके लागली. याच कथेचा दुसरा भाग मात्र आशादायक आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांना फोर्ट कॉलिन्स येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय जनुक पेढीत, वापरातून केव्हाच गेलेल्या दोन वंशरेषांतील वळूंच्या जुन्या कांड्या सापडल्या, आणि त्यांच्यापासून त्यांनी पुन्हा जिवंत वळू तयार केले. ज्यांनी त्या कांड्या ठेवल्या त्यांना त्या कधी लागतील याची कल्पना नव्हती. पेढीत केवळ विजेते ठेवले असते तर त्या रेषा तिथे नसत्या.

म्हणून राजूरच्या विजेत्याबरोबरच दूरच्या वाडीवरचा, कधीही प्रदर्शनात न आलेला वळूही हवा. तो दिसायला साधा असेल, पण त्याच्याकडे जो जनुकांचा संच आहे तो विजेत्याकडे नाही. पावसात टिकण्याचे, गोचिडांना दाद न देण्याचे, उन्हाळ्यात वाळल्या गवतावर तग धरण्याचे गुण प्रदर्शनाच्या मैदानात मोजता येत नाहीत. ज्या कळपात ते पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले, तिथून वळू घेणे हाच त्यांना गाठण्याचा मार्ग आहे.

डॉक्टरसाहेबांनी म्हटलेल्या अर्ध्या वाट्याबद्दलही थोडे लिहिते. गाई पूर्ण संपल्या आणि केवळ वीर्य उरले, तर दुसऱ्या जातीच्या गाईंवर ते वापरून जात परत उभी करता येते. पहिल्या पिढीत ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, आणि पाचव्या पिढीत सुमारे ९७ टक्के डांगी रक्त येईल. कागदावर हे सोपे दिसते, पण डांगी कालवड पहिल्यांदा विण्यास चार-साडेचार वर्षे लागतात, म्हणजे हे काम किमान वीस वर्षांचे झाले. आणि एवढे करूनही, पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचा जो वारसा केवळ आईकडून येतो, तो डांगीचा नसेलच. न्यूझीलंडच्या दक्षिणेस एन्डर्बी बेटावर रानटी झालेली गुरे मारण्यात आली, तेव्हा मारलेल्या वळूंचे शुक्राणू गोठवून ठेवले गेले. पुढे एक गाय जिवंत सापडली, म्हणून त्या शुक्राणूंचा उपयोग झाला आणि त्या जातीचे नर वासरू जन्माला आले. त्या एका गाईची क्लोनही पुढे करावी लागली. ती गाय सापडली नसती तर त्या शुक्राणूंपासून शुद्ध वासरू मिळण्याचा मार्गच नव्हता.

खिल्लारवाले दादांशी मी सहमत आहे, मात्र दोन गोष्टींपैकी एक निवडावी लागते असे मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ-खुरकुताच्या साथीत कंब्रियातील हर्डविक मेंढ्यांचे कळपच्या कळप मारले गेले, तेव्हा ज्या जातीला गिऱ्हाईक होते, पाळणारे होते आणि डोंगरही होता, तीसुद्धा काही आठवड्यांत धोक्यात आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि मेंढपाळांनी घाईघाईने वीर्य व भ्रूण गोठवले. साथीपुढे बाजारभाव कामाला येत नाही. त्या वेळेसाठी कांडी हवी.

पुन्हा डांगीपालक, अकोले

सर्वांनी वेळ काढून लिहिले, मनापासून आभारी आहे. मॅडम, पंचवीस असंबंधित वळू ही अट वाचून थोडा विचारात पडलो. आमच्याकडे वळूची वंशावळ कोणी लिहून ठेवत नाही. कळप रानात असतो, गाय कोणत्या वळूला लागली हे गुराख्यालाही अनेकदा ठाऊक नसते, आणि उत्तम अंगाचा गोऱ्हा दिसला की बैल चांगला होईल म्हणून त्याचे लवकर खच्चीकरण होते. म्हणजे जो वळू व्हायला हवा, तोच आधी जातो. शिवाय आमच्या गाई माजावर आल्या हे संध्याकाळी कळप परतल्यावर कळते, तेव्हा रेतनाची वेळ कशी साधायची? आणि गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीवरील एक फार चांगला वळू कड्यावरून घसरून मेला. अशा वेळी काही करता आले असते का?

उत्तर ४ : कृत्रिम रेतन कार्यकर्ता, इगतपुरी

डांगीपालक दादा, रेतनाच्या वेळेबाबत माझा रोजचा अनुभव सांगतो. संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्याकडील अडचण ही की सकाळी कळप रानात निघून गेलेला असतो. म्हणून माजावरची गाय त्या दिवशी गोठ्यात अडकवून ठेवायची आणि आदल्या रात्रीच फोन करायचा, एवढी शिस्त वाडीने लावून घेतली तर काम होते. मुका माज, म्हणजे बाहेर लक्षणे न दाखवणारा माज, ओळखणे डांगीत कठीण जाते, आणि गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की लोक कांडीला दोष देतात. त्यामुळे वाडीवर एक चांगला वळू असू द्यावा आणि रेतन त्याच्या जोडीला करावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. वळू दर तीन-चार वर्षांनी दुसऱ्या वाडीशी अदलाबदल करून बदलला पाहिजे, म्हणजे तो स्वतःच्या मुलींना लागणार नाही.

कंटेनरविषयी एक गोष्ट, कारण बँकेची कल्पना करताना ही कोणी सांगत नाही. आम्ही गाडीवर तीन लिटरचा कंटेनर घेऊन फिरतो. पट्टी आत घालून, बाहेर काढून हवेत हलवली की नायट्रोजन जिथपर्यंत असेल तिथपर्यंत तिच्यावर पांढरे दव धरते. त्यावरून किती उरला आहे ते समजते. कांडी शोधताना कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा आतला डबा) तोंडाच्या वर येता कामा नये, गळ्यातच ठेवून चिमट्याने हवी ती कांडी उचलायची, आणि काही सेकंदांत पुन्हा खाली सोडायचा. वर धरून नाव वाचत बसले तर त्या कांडीबरोबर तिच्या शेजारच्या सगळ्या बिघडतात, आणि बाहेरून पाहून ते कधीच कळत नाही. कांडी तशीच गोठलेली दिसते, फक्त गाय गाभण राहत नाही. पावसाळ्यात घाटात रस्ता बंद झाला आणि नायट्रोजनची गाडी आली नाही, की आमचा जीव टांगणीला लागतो. म्हणून गावात मोठा साठा ठेवू नये, असे मीही म्हणेन.

उत्तर ५ : निवृत्त पशुवैद्य

वंशावळ लिहिलेली नाही म्हणून थांबू नये. वाड्यांमधील अंतर हाच आपला पहिला आधार आहे : ज्या वाड्यांची जनावरे एका रानात चरत नाहीत आणि ज्यांच्यात वळूंची देवाणघेवाण झालेली नाही, अशा प्रत्येक ठिकाणचा एक वळू घ्यावा. नंतर रक्ताचा किंवा केसांच्या मुळांचा नमुना देऊन त्यांचे नाते किती जवळचे आहे ते तपासता येते. पण त्याआधी एक वही करावी. प्रत्येक वळूचा कानातला बिल्ला क्रमांक, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वाडी, मालक, अंदाजे वय, त्याची आई अजून आहे का, ती किती वेळा व्यायली आणि दोन वेतांत किती अंतर राहिले, एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे. पंचवीस वर्षांनी कोणी कांडी हातात घेईल तेव्हा तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्र आणि तारीख एवढेच छापलेले असेल; तो वळू कोणत्या रानातला आणि कोणत्या गाईचा, हे सांगणारी वहीच नसेल तर त्या कांडीचे मोल निम्म्याहून कमी होते.

खच्चीकरणाचा मुद्दा आपण अचूक पकडला आहे. पैदासकार संघाने दरवर्षी पावसाळ्याआधी वाड्यांवर फिरून दीड-दोन वर्षांचे गोऱ्हे पाहावेत, त्यांतले निवडक राखून ठेवण्याची मालकांना विनंती करावी आणि त्यांची यादी वीर्य केंद्राला द्यावी. केंद्राला वळू विकण्याचीच सक्ती नसावी. चाचण्या, विलगीकरण आणि काही महिन्यांचे वीर्य संकलन झाल्यावर तो मालकाकडे परत जाईल, असा करार मागून पाहावा, कारण आपला वळू कायमचा जाणार असेल तर मालक हो म्हणत नाहीत. जतनासाठी एका वळूच्या दोनशे मात्रा धरल्या, तरी पंचवीस वळूंच्या पाच हजार होतात, आणि त्या एका मोठ्या कंटेनरमध्ये मावतात. एखादा वळू आयबीआरसारख्या चाचणीत अडकला आणि तो फारच दुर्मिळ रेषेतला असेल, तर त्याचे वीर्य वापराच्या साठ्यात मुळीच न मिसळता वेगळ्या कंटेनरमध्ये, तशी स्पष्ट नोंद करून ठेवण्याबाबत तज्ज्ञांशी बोलावे.

मेलेल्या वळूबद्दल आपण विचारले. होय, अपघाताने मेलेल्या निरोगी वळूचे शुक्राणू वाचवता येतात. वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणात, म्हणजे एपिडिडिमिसमध्ये, परिपक्व शुक्राणू साठलेले असतात आणि जनावर मेल्यावरही ते काही तास जिवंत राहतात. अशी घटना घडली तर तालुक्याच्या पशुवैद्यकांना ताबडतोब बोलवावे. त्यांनी दोन्ही वृषणे आवरणासह काढून स्वच्छ पिशवीत बांधावीत. ती पिशवी लसीच्या थंड पेटीत ठेवावी, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नये. पेटीतले तापमान ४ ते ५ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. सोबत रोगचाचणीसाठी रक्ताचा नमुना, वळूचा बिल्ला क्रमांक आणि मालकाची लेखी संमती द्यावी. कोणत्या प्रयोगशाळेत हे काम करून देतात आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, ही चौकशी मात्र आजच करून ठेवावी आणि ते क्रमांक प्रत्येक वाडीवर लिहून लावावेत, कारण वळू कड्यावरून पडल्यानंतर विचारपूस सुरू केली तर चोवीस तास त्यातच निघून जातात.

पुन्हा डांगीपालक, अकोले

डॉक्टरसाहेब, वहीचे काम आम्ही या आठवड्यापासून आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांवर सुरू करतो. केंद्राला द्यायच्या पत्रात वळू परत करण्याची अट आणि कर्नालला काही मात्रा ठेवण्याची विनंती या दोन्ही गोष्टी घालतो. इगतपुरी, त्र्यंबक आणि सुरगाण्याकडील जे पशुपालक हे वाचत असतील, त्यांनी आपल्या वाडीवर शुद्ध डांगी वळू आहे की नाही, आणि असल्यास त्याची आई अजून दावणीला आहे का, एवढे येथे कळवावे.